खाचेतला कापूस

माझ्या मोठ्या जावयाची, शालिग्रामची, एक खोड मला बत्तीस वर्षं जाचते आहे. धुळ्यात देवपूरला त्याचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आहे, आता मोबाईलही करतो. पार साक्री-नवापूरकडची माणसं मेलेले रेडिओ पिशवीत घालून त्याच्याकडे येतात आणि गाणी वाजवत परत जातात. आणि माझ्या घरातला एक टेपरेकॉर्डर ह्या माणसाला बत्तीस वर्षांत दुरुस्त करता आला नाही. दरवर्षी आखाजीच्या, लेकी माहेरी येतात त्या अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, करीला, तो आमच्या गावी येतो. पाणी पितो, टेप मांडीवर घेतो, मागचे चार स्क्रू काढतो, आत फुंकर मारतो, पुन्हा चारही स्क्रू लावतो आणि म्हणतो, "आतला रबरी पट्टा मिळत नाही, मामी." झालं! वर्षभराचं बोलणं संपलं.

मी म्हणते, "पाव्हणे, तुमच्यापेक्षा अमळनेरचा सायकलवाला बरा. तो निदान उद्या या असं खोटं तरी बोलतो." हा हसत नाही, चिडत नाही. मान खाली घालून आमरसाची वाटी पुढे ओढतो. भांडणाऱ्याशी भांडता येतं. गप्प बसणाऱ्याला माणसानं कुठून धरावं?

आता तो टेप दुरुस्त होऊच नये, असं मलाही वाटत होतं, ही गोष्ट वेगळी. तरी त्याला टोचायचं मी एक वर्ष सोडलं नाही.

टेप त्यानंच दिलेला. माझी थोरली दिपमाला त्याला दिली, त्याच्या पहिल्या आखाजीला तो घेऊन आला. काळा, कातडी पिशवीतला, खांद्याला अडकवायचा. सेलवर चालणारा, वर पाच बटणं, त्यातलं एक लाल. मला म्हणाला, "मामी, तुम्हाला पत्र वाचता येत नाही. दिपमाला म्हणते, पत्र दुसऱ्याकडून वाचून घ्यायला मायला कमीपणा वाटतो. आता तुम्ही दोघी यातून बोला." माझी शाळा दुसरीपर्यंत. छापील अक्षर जुळवते, हातचं जुळत नाही. पोरीनं नवऱ्याला माझं हे दुखणं सांगितलं म्हणून मी आधी तिलाच बोलले. मग टेप ठेवून घेतला.

कॅसेट एकच होती. बाजारची, भजनांची. तसल्या कॅसेटवर आपला आवाज भरता येत नाही; पाठीच्या कडेला दोन बारीक खाचा असतात, त्या उघड्या असल्या की लाल बटण खाली जातच नाही. शालिग्रामनं युक्ती शिकवली. खाचेत कापसाचा बोळा दाबून बसवायचा, की यंत्र फसतं. आमच्याकडे कापसाला काय तोटा! तो म्हणाला, "आणि एखादं बोलणं कायमचं ठेवावंसं वाटलं, तर बोळा काढून टाकायचा. मग चुकूनसुद्धा पुसलं जात नाही."

मी म्हटलं, "कायमचं काय ठेवायचंय? बायकांचं बोलणं ते."

तो आणखी कॅसेटी देत होता. मीच नको म्हटलं. माझा नियम होता, लेकीनं बोलावं, मी ऐकावं, आणि त्याच्यावरच माझं उत्तर भरून परत धाडावं. पाटीसारखं. लिहिलं, वाचलं, पुसलं. सासरी गेलेल्या पोरीचं रडगाणं घरात साठवून ठेवलं की ते कधी ना कधी चार कानांत जातं, आणि मग आईबापाची मान खाली होते. ह्या घराची मान मी कधी खाली जाऊ दिली नव्हती.

अमळनेर-धुळे एसटीवर आमच्याच गावचे उखर्डूभाऊ कंडक्टर होते. कॅसेट रुमालात बांधून त्यांच्याकडे द्यायची. ते देवपूरच्या थांब्यावर शालिग्रामच्या हातात ठेवायचे. आठ-दहा दिवसांनी तोच रुमाल परत. गावातल्या बायका विचारायच्या, "अक्का, रुमालात काय वं?" मी सांगायची, "पापड." दोन वर्षं आम्ही माय-लेकींनी असे पापड पाठवले. तिच्या बाजूनं बोळा नेहमी घट्ट, गोल वळलेला यायचा. दुकानदाराची बायको झाली होती ना, हात सफाईचा झाला होता.

मग तिला सारिका झाली. सारिका आठ महिन्यांची असतानाची गोष्ट. फाल्गुन होता. माझ्या धाकटीला, सुनंदाला, भुसावळचं स्थळ आलं होतं. मुलगा रेल्वेत, राहायला रेल्वेचं घर. अशी सोयरीक आमच्या भाऊबंदात कोणाकडे आली नव्हती. ती मंडळी पुन्हा एकदा बघायला येणार, त्याच आठवड्यात रुमाल आला.

मी दार लावून कॅसेट घातली. दिपमाला म्हणत होती, माय, पाय सुजतात, जिना चढले की दम लागतो, डॉक्टर छातीचं काही सांगतात. आखाजीपर्यंत थांबू नको, आधीच कोणाला तरी घ्यायला धाड, मला तुझ्याजवळ महिनाभर पडून राहायचंय.

तिथंच मी टेप बंद केला.

मला सगळं डोळ्यांसमोर दिसलं. आखाजीच्या आधी, न बोलावता, सुजलेल्या पायांनी पोर माहेरी येते, अंगणात खाट टाकून पडते, आणि भुसावळची मंडळी बैठकीत बसून विचारतात, ही थोरली का? हिला काय झालंय? एकीच्या छातीत खोड आहे म्हटल्यावर दुसरीला कोण पत्करणार? माझ्या अंगाची आग झाली. कॅसेट मागे फिरवली, लाल बटण दाबलं, ते खाली जाईना. बघते तर खाचेत बोळा नाही. म्हटलं, वाटेत पडला असेल. घरातला कापूस घेतला, दाबून बसवला, आणि जे तोंडात आलं ते भरून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी रुमाल उखर्डूभाऊंकडे.

सुनंदाचं जमलं. आणि त्यानंतर सहाव्या दिवशी उखर्डूभाऊ पिशवी न उतरवताच दारात आले. म्हणाले, "अक्का, धुळ्याला चला. बसा आधी खाली." मी बसले नाही.

तेराव्याला मी काय केलं ते अजून देवपुरातल्या म्हाताऱ्या सांगतात. भरल्या घरात शालिग्रामच्या समोर उभी राहिले आणि ओरडले, "माझी पोर खाल्ली तुम्ही! दुखणं होतं तर आम्हाला कळवलं का नाही? मेलो होतो का आम्ही?" त्याची आई सुगंधाबाई काही सांगायला पुढे झाली, तर त्यानं तिचा हात धरून तिला मागे बसवलं. मला वाटलं, लाज वाटली असेल. माझे मालक जीवराम चार माणसांत सांगत राहिले की आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना खरंच नव्हतं. मी त्यांनाही सांगितलं नव्हतं. मरेपर्यंत ते जावयाशी नीट बोलले नाहीत.

निघताना शालिग्रामनं तिचं गाठोडं दिलं. चार साड्या, एक कंगवा आणि रुमालात कॅसेट. घरी येऊन मी ती उलटीपालटी केली. खाचेत माझा कापूस होता, सरकीची साल चिकटलेला, ओबडधोबड. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. दोन वर्षांत तिचा बोळा एकदाही वाटेत पडला नव्हता. त्या वेळी तिनं तो काढून घेतला होता. तिला ते बोलणं ठेवायचं होतं, आणि मी त्यावर कापूस कोंबून पुसून टाकलं.

त्याच उन्हाळ्यात टेप बंद पडला. बरंच झालं. कॅसेट चुलीत टाकायला मी दोनदा बाहेर काढली, पण तिच्या हातची वस्तू, टाकवली नाही. शेजारणींनी विचारलं, यात काय आहे? मी म्हटलं, माझ्या पोरीचा आवाज. एकदा म्हटलं ते म्हटलं. मग सगळेच म्हणायला लागले. सारिका बोलायला लागली तेव्हापासून तिला हेच सांगितलं गेलं, तुझी आई आजीच्या टेपात आहे, टेप बिघडलाय.

सारिका आता देवपुरात शाळेत शिकवते. तिला तीन वर्षांची मुलगी आहे, चारुलता. यंदा करीला ती बापाबरोबर आली. सुनंदाही भुसावळहून आलेली होती, आत खापरावरचे मांडे करत होती. चिंचेला झोका बांधलेला, गावातल्या पोरी गाणी म्हणत होत्या, त्यामुळे दार उघडंच होतं. शालिग्राम पाणी प्यायला, त्यानं टेप मांडीवर घेतला, स्क्रू काढले, फुंकर मारली. तोंड उघडणार तेवढ्यात सारिकानं पर्समधून एक पुडी काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"हा घ्या पट्टा, पप्पा."

शालिग्रामनं पुडी उघडली. काळा, रबरी, नवाकोरा पट्टा.

"कुठून आणलास?"

"मोबाईलवरून मागवला. दिल्लीहून आलाय. मॉडेलचा नंबर मी मागच्या वर्षी लिहून नेला होता. तुम्हाला बत्तीस वर्षं मिळाला नाही, मला चार दिवसांत मिळाला."

सुनंदा आतून म्हणाली, "मास्तरीण झाली बाई आपली. बापाची परीक्षा घेते."

शालिग्राम पट्टा बोटाभोवती गुंडाळत बसला. म्हणाला, "कॅसेट जुनी झालीय. फीत तुटेल."

"तुटली तर तुटली. आत्ता तरी कुठं ऐकतेय मी?"

मी मध्ये पडले. "सणासुदीचं नको गं ते. रडारड होईल. पुढच्या खेपेला बघू."

"आजी," सारिका म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, ती माझ्यावर गेली नाही. "चारू बोबडं बोलते, ते मी रोज फोनमध्ये भरून ठेवते. काल ती मला म्हणाली, तुझी आई कशी बोलते? मला येईना सांगता. मी चारूला झोपवताना गाते, तेव्हा माझा आवाज कोणासारखा येतो हे मला ठाऊक नाही. पप्पांना विचारलं तर ते स्क्रू शोधतात. तुला विचारलं तर तू स्वयंपाकघरात जातेस. चिडलेली असू दे, रडत असू दे, नुसती खोकत असली तरी चालेल मला."

शालिग्रामनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. बत्तीस वर्षांत त्यानं माझ्या डोळ्यांत असं कधी बघितलं नव्हतं. मला नवल वाटलं. पोरीची आणि बायकोची गोष्ट, आणि हा माणूस परवानगी माझी मागत होता! माझ्या हातात होतं. कॅसेट हरवली म्हणाले असते तर कोणी माझी ट्रंक उघडली नसती, एवढा धाक माझा अजून आहे. पण ती पोर माझ्यासमोर हात पसरून बसली होती, आणि ज्या आवाजासाठी बसली होती तो मीच पुसलेला होता. आणखी किती वर्षं तिला त्या बंद टेपासमोर बसवायचं?

मी ट्रंकेतून कॅसेट आणून दिली. म्हटलं, "लावा."

त्यानं जुना पट्टा काढला, डांबरासारखा चिकट झालेला. नवा बसवला. सेल घातले. पाच मिनिटांचं काम. मी खांबाला टेकून उभी राहिले. आता माझा आवाज येणार, आणि त्यानंतर काही येणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आधी खरखर. मग मी. चाळिशीतली, खणखणीत.

"दिपमाला, तुनं बठ्ठं ऐकं मी. बायास्ना पाय सुजतसच. मी बाळंतपननंतर आठव्या दिवशी वावरात उतरनी होती, मन्हा पाय कोणी पाह्यात नहीत. आखाजीले घेवाले धाडसू, तोपर्यंत सासरना उंबरा ओलांडू नको. सुनंदानं जमेपर्यंत आजारनं नाव बी काढू नको. नवराले सांग, तठलाच डॉक्टरना गोळ्या खाय. कोणलेच काही सांगू नको, तुले मन्ही आन शे."

खट्. बटण वर आल्याचा आवाज.

मांडे भाजल्याचा वास येत होता आणि जळकाही, कारण सुनंदा खापर सोडून दारात येऊन उभी होती. हाताला पीठ. "माय," ती म्हणाली, "माझ्यासाठी?" मी तिच्याकडे बघितलं नाही. सारिकाकडे बघत होते. वाटलं, ती रडेल, उठून जाईल, मला काहीतरी बोलेल. ती टेपाकडेच बघत होती. शालिग्रामनंही टेप बंद करायला हात पुढे केला नाही. फीत फिरत होती. खरखर चालली होती.

आणि मग मध्येच, शब्द तोडून आत शिरावं तशी, दिपमाला बोलायला लागली.

"...म्हनीसन कापूस मी काढी लिधा शे, माय. हाई पुसू नको. तू मझारच बंद करी टाकस, माले माहीत शे, तुना रागच तसा. पन आज शेवटलोंग ऐक. सारिकाले दात उना. वरना. देख, चमचा मारसू दातवर, ऐक." टक्, टक्. मग एका लेकराचं हसणं, आणि तिचं हसणं, दोन्ही एकात एक. "हासस देख कशी! माय, माले बरं नही वाटत, पन मी भ्यानी नही. तू फक्त ये. कोणले धाडू नको, तूच ये."

थोडा वेळ लेकराचा आवाज. मग भजन लागलं, कॅसेटमधलं मुळातलं.

माझं उत्तर तिच्या बोलण्याहून आखूड निघालं होतं. जेवढं मी ओरडले तेवढंच पुसलं गेलं. पुढचं सगळं जागेवर होतं. मी ते तेव्हा ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. "तुनं बठ्ठं ऐकं मी," सगळं ऐकलं म्हणून मी खोटं बोलले होते, तेही लेकीशी.

सारिकानं कॅसेट मागे घेतली आणि चमच्याची टकटक पुन्हा ऐकली. पुन्हा मागे घेतली. तिसऱ्या वेळी तिनं चारूला उचलून टेपाजवळ धरलं. तिचे डोळे वाहत होते, पण ती ओठ हलवत होती, आईचे शब्द आईच्या चालीत म्हणून बघत होती. "देख, हासस देख कशी." तिच्या तोंडून ते तसंच आलं. अगदी तसंच.

मी शालिग्रामला विचारलं, "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"मीच लावून दिली होती तिला, तुमचं उत्तर आलं तेव्हा." तो जमिनीकडे बघून बोलत होता, पण बोलत होता. "तुमचं संपलं, मग तिचं राहिलेलं लागलं. ती हसली. म्हणाली, बघा, मायनं शेवटपर्यंत ऐकलंच नाही. मी म्हटलं, मी स्वतः जाऊन मामींना सांगतो. तर म्हणाली, आन घातलीय तिनं. सुनंदाचं होऊ द्या, मग नाशिकला दाखवू. मी ऐकलं तिचं. ऐकायला नको होतं. नंतर म्हणाली, हे कोणाला ऐकवू नका, माझी माय वाईट दिसेल."

"आणि पट्टा?"

"दुसऱ्याच वर्षी मिळाला होता. दुकानात डबाभर आहेत."

सारिकानं मान फिरवून बापाकडे बघितलं. मी माझ्या पोटच्या पोरीचं मरण बघितलंय, पण त्या नजरेकडे मला बघवेना. माझं पाप तिला टेपातून कळलं होतं. बापाचं कळायला मात्र तिला एकच शब्द लागला, डबाभर. तो पुन्हा मान खाली घालायला लागला. आता पुन्हा गप्प बसणार, स्क्रू लावणार, आमरसाची वाटी ओढणार आणि सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन धुळ्याला जाणार. तेराव्याला घेतलं तसंच.

बाहेर गाणी थांबली होती. ओट्याशी चार-पाच बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या, झोक्यावरच्या पोरी त्यांच्या मागे. माझा जुना आवाज सगळ्यांनी ऐकला होता. एकीनं दार लोटून घ्यायला हात पुढे केला, आमची अब्रू झाकायला. मी म्हटलं, "राहू दे उघडं." गुडघे धरत त्याच्यासमोर गेले, आणि देवपुरात त्या दिवशी ओरडले होते तेवढ्याच मोठ्यानं बोलले.

"पाव्हणे, वर बघा. दिपमाला तुमच्या घरात गेली, पण माझ्या तोंडानं गेली. तेराव्याला मी तुमच्या डोक्यावर जे घातलं, ते माझं होतं. ते आज ह्या बायकांसमोर उतरवून घेते. सुगंधाबाई राहिल्या नाहीत, त्यांच्या वाटचंही तुमच्यापाशीच उतरवते. पण म्हणून तुम्ही देवमाणूस झालात असं समजू नका. मेलेल्या बायकोच्या मायची अब्रू राखायला तुम्ही जिवंत लेकीला आईच्या आवाजासाठी बत्तीस वर्षं तरसवलंत. माझ्या पापाचा जाब दिपमाला घेईल, मला तिच्याकडे जायला फार वेळ उरला नाही. तुमचा जाब घेणारी इथं समोर बसली आहे. आता माझ्याकडे बघू नका. तिच्याकडे तोंड करा आणि बोला."